रद्दीवाल्याच्या आधी आपण पोहोचू या

मुंबईच्या गिरणगावातल्या चाळी रिकाम्या होत आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, सगळीकडे बीडीडी चाळींच्या जागी टॉवर चढत आहेत. नवे घर मिळते आहे याचा आनंद आहेच. पण सामान हलवायचे म्हटले की पहिली संक्रांत येते ती पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेवर. नव्या घरात पोटमाळा नाही. मग ट्रंकेतले कागद किलोच्या भावाने रद्दीत जातात.

काय असते त्या ट्रंकेत? आजोबांचा गिरणीचा लाल पास. तिकीट नंबर घातलेली पगाराची चिठ्ठी. युनियनच्या वर्गणीची पावती. घडीवर फाटलेले संपाचे पत्रक. गेटसभेचा एखादा फोटो, ज्यातली माणसे ओळखणारे घरात आता एकच माणूस उरले आहे.

हे कागद ज्यांचे, त्यांनी या शहराला लढायला शिकवले. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. 1928 मध्ये सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले आणि त्याच लढ्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. 1930 मध्ये परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला बाबू गेनू गिरणी कामगारच होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव आघाडीवर होते. आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाख कुटुंबांचे आयुष्य बदलून टाकले.

मग या सगळ्याची नोंद कुठे आहे? सरकारदरबारी आहे, पण ती सरकारच्या नजरेतून. ब्रिटिश सरकारने कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या 1929 च्या मीरत खटल्यात डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे गिरणीत राबलेले कामगारही आरोपी होते. त्या वेळी जप्त झालेली पत्रके, पत्रे, ‘क्रांती’ साप्ताहिकातले लेख पुरावा म्हणून कोर्टात गेले, म्हणून टिकले. कामगारांना दोषी ठरवण्यासाठी जपलेले कागद आज त्यांच्या इतिहासाचे साधन झाले आहेत.

पण पोलिसांच्या अहवालात सभेत कोण काय बोलले एवढेच सापडते. 1928 च्या संपाच्या सहा महिन्यांत चूल कशी पेटली, ते सापडत नाही. खानावळवाल्या बाईने किती जणांना उधारीवर जेवू घातले, वाण्याने किती महिने थांबायचे कबूल केले, कोण गावी परतले आणि कोण पुन्हा आलेच नाही, हे खानावळवालीच्या वहीत असते आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. पार्वतीबाई भोरांसारख्या लढवय्या बाईने आपली हकिगत सांगितली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. वाइंडिंग खात्यातल्या शेकडो बायांचे काय?

शिवाय हे कागद पोटाशीही जोडलेले आहेत. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी अर्ज करताना वारसांकडे लाल पास, तिकीट नंबर, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, हजेरीची नोंद असले पुरावे मागितले गेले. ज्यांनी कागद जपला त्यांना हक्क सांगणे सोपे गेले. ज्यांचा रद्दीत गेला, त्यांनी आयुष्यभर घाम गाळूनही उंबरठे झिजवले.

निराश व्हायचे कारण नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलते केले आणि त्यांच्या आवाजात शंभर वर्षांचा इतिहास पुस्तकात आणला. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत कामगार इतिहासाचे डिजिटल संग्रहालय आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तर 1935 मध्ये, हिटलरच्या सावटाखाली, चळवळींचे कागद वाचवायला एक संस्थाच उभी राहिली. मार्क्स आणि एंगेल्स यांची बरीचशी हस्तलिखिते आज तिथे सुखरूप आहेत. तेव्हाच्या लोकांना त्या संकटात जमले, तर आपल्याला का जमू नये? आपल्या तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

काम सोपे आहे. ट्रंक उघडा, पण काही फेकू नका. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. खिडकीपाशी सपाट ठेवून फोनवर फोटो घ्या, पुढून आणि मागून. जुन्या फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे, जागा, साल लिहा.

मग घरातल्या थोरांजवळ बसा. 1982 मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्यांना विचारा: कुठले खाते? बदली कामगार म्हणून किती वर्षे काढली? जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कसा होता? संपात घर कसे चालले? आजीलाही विचारा, आणि तिला आधी विचारा. त्यांच्या परवानगीने बोलणे रेकॉर्ड करा, तारीख नोंदवा.

ही जबाबदारी एकट्या मुंबईची नाही. संपानंतर कित्येक कुटुंबे कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात परतली. कागदही त्यांच्याबरोबर गेले आणि आता पावसाळ्याच्या ओलीत, वाळवीच्या तोंडी आहेत. ग्रामस्थ मंडळांनी आपली जुनी इतिवृत्ते बाहेर काढावीत. गणेशोत्सव मंडळांनी एक वर्ष देखाव्याशेजारी विभागातले जुने फोटो मांडावेत. नावे ओळखणारे लोक आपोआप पुढे येतील. महाविद्यालयांनी मुलांना प्रकल्प म्हणून मुलाखती घ्यायला सांगावे. ग्रंथालयांनी एक कपाट मोकळे करावे. आणि युनियनच्या कार्यालयांनी, बावटा कुठलाही असो, आपल्या दप्तराची निदान यादी तरी करावी. लाल बावटा, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, 1982 च्या संपाचे नेते दत्ता सामंत यांची युनियन, यांचे भांडण खरे होते. ते भांडणही जपायला हवे, सगळ्या बाजूंच्या कागदांसकट.

सुरुवात कधी करायची? या रविवारी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार लढले, तेव्हा 1890 मध्ये ही साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्यांनी मिळवून दिलेल्या सुट्टीतले दोन तास त्यांच्यासाठी काढू या. शेजाऱ्यालाही हाक मारा, त्याच्याही माळ्यावर एक ट्रंक आहे.