बुडबुड्याची भाषा

गेल्या महिन्यांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही चिंचोळीच्या एमआयडीसींत त्याचा कारखाना पाहण्यास गेलों होतों. पुणें रस्त्यावर मोटारीचें चाक पंक्चर झालें. दुकानांतील पोरानें ट्यूब फुगविली, घमेल्यांतील पाण्यांत दाबली आणि बुडबुडे कोठून येतात तें तो पाहूं लागला. तेव्हां आमचा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, दादांच्या खाटेखालच्या बाटलींतही हेंच चाललें होतें."

त्याच्या थोरल्या बंधूंचीं फुप्फुसें बदललीं आहेत. अशा शस्त्रक्रियेनंतर छातींत सांचणारी हवा व रक्त बाहेर काढण्यासाठीं नळ्या ठेवतात. नळीचें टोक बाटलींतील पाण्याखालीं सुमारें २ सेंटिमीटर असतें. त्यामुळें हवा बाहेर पडते, परंतु परत आंत शिरत नाहीं. हॅम्बुर्गच्या डॉ. ब्यूलाउ यांनीं १८७५ सालीं योजिलेली ही युक्ति अद्यापि चालू आहे. बुडबुडे पाहून वहिनी घाबरल्या व नळी चिमटून धरूं लागल्या. परिचारिकेनें वेळींच हात धरला. हवा आंत कोंडली तर फुप्फुस व हृदय दोन्हीं दाबलीं जाऊन प्राणावर बेततें!

वाचकहो, बुडबुडा हा शत्रु नव्हे, दूत आहे. खोकल्यासरशीं एखादा उठणें निराळें, अखंड उठत राहणें निराळें. गळती तीन ठिकाणीं संभवते. पहिली नळीच्या बाहेरील जोडांत. डॉक्टर छातीजवळ क्षणभर चिमटा लावतात, तरीही बुडबुडे आले तर दोष बाहेरचा. दुसरी फुप्फुसाच्या पृष्ठभागावर. ती बहुधा आपोआप भरून येते, मात्र पांच दिवसांहून अधिक टिकली तर लांबलेली समजतात. तिसरी श्वासनलिकेच्या नव्या सांध्यांत, आणि हीच सर्वांत घातक. त्या भागाची स्वतःची रक्तवाहिनी बहुधा जोडली जात नाहीं, म्हणून सांधा सावकाश भरतो. डॉ. जेम्स हार्डी यांनीं १९६३ सालीं अमेरिकेंत पहिलें फुप्फुसारोपण केलें. रोगी १८ दिवस जगला. पुढील वीस वर्षें हा सांधाच अनेकदां दगा देत असे. १९८३ सालीं टोरांटो येथें डॉ. जोएल कूपर यांस दीर्घकाळ टिकणारें यश लाभलें.

सांधा दुर्बिणीनें तपासतात. उपाय गळतीप्रमाणें: नळी राहूं देणें, यंत्राच्या श्वासाचा दाब बेताचा ठेवणें, गळक्या शाखेंत एकमार्गी झडप बसविणें, क्वचित् पुन्हां शस्त्रक्रिया. घरच्यांचें काम सोपें, पण कठोर: नळी दाबूं नये, तिला पीळ पडूं देऊं नये, बाटली छातीहून उंच नेऊं नये, बुडबुडे वाढले किंवा एकाएकीं थांबून दम लागला तर तत्काळ कळवावें.

दादांची गळती नवव्या दिवशीं थांबली. कोण्या अपरिचित घरानें ऐन शोकांत दिलेला तो श्वास आहे. तो घाबरून नव्हे, डोळे उघडे ठेवून जपावयाचा असतो. तें पंक्चरवालें पोरही घाबरलें नाहीं. त्यानें आधीं छिद्र शोधलें.