आवाज ऐकायचा की ऐकवायचा?
(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘खायची भ्रांत आणि गाण्याची चैन!’ आमच्या भागात एखाद्या ऊसतोड्याच्या घरी नवा स्पीकर आला की हे वाक्य हमखास कानावर येते. म्हणणारे बहुधा शिकलेले, पगारदार लोक असतात. पट्टा पडतो, माणसे कारखान्यावरून गावी परततात, मुकादमाची उचल फिटते, आणि फिटून काही उरलेच तर शिरूरच्या बाजारातून पत्रे, भांडी आणि त्यांच्या जोडीला एखादा ‘साऊंड’ घरी येतो. पाच-सहा महिने पाचटाच्या खोपीत काढलेल्या माणसाला घरी आल्यावर चार गाणी नीट ऐकावीशी वाटली, तर त्यात उधळपट्टी ती कोणती? हीच वस्तू शहरातल्या दिवाणखान्यात असली की तिला रसिकता म्हणतात. घर बदलले की शब्द बदलतो, हा न्याय मला मान्य नाही.

परंतु माझी खरी तक्रार निराळीच आहे. आपण पैसे मोजतो गाण्यासाठी आणि घरी आणतो नुसता गोंगाट.

दुकानात गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न असतो, “किती वॅटचा?” खोक्यावर ‘पी. एम. पी. ओ.’ या नावाखाली हजारांचा आकडा ठळक छापलेला असतो. यंत्र क्षणभर जास्तीत जास्त किती शक्ती देईल, याचा तो कागदी हिशोब. त्याला सर्वमान्य असे मापच नाही. यंत्र सतत देऊ शकते ती शक्ती ‘आर. एम. एस.’ या मापाने सांगतात. यंदा एका दुकानदाराने आमच्यासमोर असेच एक खोके ठेवले. मी ते उलटे करून मागची बारीक अक्षरे अण्णांना वाचून दाखवली. पुढे दहा हजार, मागे तीस! दुकानदार म्हणाला, “ताई, ते इंजिनियर लोकांचं असतं.” मी कला शाखेची, पण तीस आणि दहा हजार यांतला फरक कळायला इंजिनियर व्हावे लागत नाही.

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट केली तर केवळ तीन डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. दहा बाय बाराच्या खोलीत स्वस्थ बसून ऐकायचे असेल तर एक-दोन वॅटसुद्धा पुरतात. मग बाकीचे वॅट कोणासाठी? उघडच आहे, शेजाऱ्यांसाठी.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला बारकाव्याचे काय? वाचकहो, हा तर निव्वळ अपमान आहे. भगवानगडाच्या परिसरात सप्ताहाला बसलेली माणसे जन्मभर पखवाज ऐकतात. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, तिच्यामुळे तो खोल खर्ज निघतो. कणीक कमी पडली की आमच्या गल्लीतले म्हातारे मान हलवतात. टाळांचा किणकिणाट वेगळा, वीणेची तार वेगळी, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. स्वस्तातल्या फुगीर खोक्यात मात्र हे सगळे एका डब्यात कोंबल्यासारखे होते. आमचे कान अडाणी नाहीत, त्यांना मिळणारे यंत्र अडाणी आहे.

1 एप्रिल 1955 रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, एकूण 56 गीते. लोकांनी रेडिओला हार घातल्याचे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. तो रेडिओ काही हजार वॅटचा नव्हता. पण त्याच्यासमोर घर गप्प बसत होते.

आमच्या घरी यंदा जुने लाकडी स्पीकर दोन आणि एक छोटा अँप्लिफायर असे दुरुस्तीवाल्याकडून साडेतीन हजारांत आणले. पहिल्या दिवशी आवाज घुमला, कारण वर पत्रा, खाली फरशी आणि भिंती उघड्या. कठीण पृष्ठभागावरून आवाज चेंडूसारखा उसळतो. मग आजीच्या दोन वाकळी मागच्या भिंतीला टांगल्या. स्पीकर लोखंडी पेटीवर होते, तेव्हा पेटीही सोबत गात होती. ते काढून लाकडी पाटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाइतके उंच ठेवले. कोपऱ्यात खर्ज उगीच फुगतो, म्हणून हातभर पुढे ओढले. या सुधारणेचा एकूण खर्च चार खिळे.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम पाहून घेतली. या यंत्राला पेनड्राईव्ह लागतो, फोन लागत नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते. फोन पुरुषाच्या खिशात असतो; तो बाहेर गेला की घरातले गाणे त्याच्याबरोबर बाहेर जाते. मिरवणुकीतला डी. जे. तर पुरुषांचाच. बायका दारात ओवाळणीचे ताट धरून उभ्या, छातीत धडधड होईपर्यंत. घरात राहणारा स्पीकर हा बाईच्या वाट्याला येणारा पहिला आवाज आहे, आणि म्हणूनच तो चांगला असावा.

हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपला बीड जिल्हाही आहे. माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. फोनच्या इवल्या स्पीकरवर त्यांचा आवाज पत्र्यासारखा चिरका लागतो. मोठ्या स्पीकरवर मात्र ओवीच्या मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. आजीने तो ऐकला आणि म्हणाली, “ही दमलेली हाय.” गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, जात काही सांगितले नव्हते, दम तेवढा तिने ओळखला.

आपल्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी भाड्याने मोठमोठे डबे येतात आणि पुढच्या रांगेतले प्राध्यापक कानांत बोटे घालून बसतात. माझी सूचना अशी, की त्यातल्या एका वर्षाच्या भाड्यात ग्रंथालयाशेजारची रिकामी खोली घ्यावी, दाराला जाड पडदा लावावा, दोन बऱ्यापैकी स्पीकर आणि बसायला सतरंजी ठेवावी. मराठीच्या तासाला ओवी फळ्यावर लिहून देतात; ती त्या खोलीत ऐकवावी. सतरंजी मी घरून आणते.