वणवा नक्की कोणत्या खात्याचा?

२६ जानेवारीची ग्रामसभा दहा-बारा दिवसांवर आली. गावोगावच्या विषयपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्यात. माझ्याकडे सात-आठ आल्या, सगळ्या वाचल्या. पाणीटंचाई आहे, घरपट्टी वसुली आहे, स्मशानशेडची दुरुस्ती आहे. वणवा हा शब्द एकीतही नाही. आणि अजून तीन-चार आठवड्यांनी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात रात्री डोंगराला लाल रेघ दिसायला लागेल, तिचा व्हिडिओ स्टेटसला लागेल आणि सकाळी कुणाची तरी पंधरा वर्षांची बाग काळी झालेली असेल.

वीस वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय. ही बातमी दरवर्षी लिहितो. बातमीसाठी फोन फिरवले की उत्तरंही दरवर्षीची. वनविभाग म्हणतो, क्षेत्र मालकीचं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. यात खोटं काही नाही. आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बाकी सगळे डोंगर कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर. महसूलवाले म्हणतात, पंचनामा करू. म्हणजे विझल्यावर. कृषी खातं अहवाल देणार, तोही विझल्यावर. बंब नगरपरिषदेचा किंवा एमआयडीसीचा. तो बिचारा येतो, पण डांबरी संपते तिथे उभा राहतो, कारण बाग वर सड्यावर आणि वर जायला पाखाडी. आणि ग्रामपंचायत म्हणते, आमच्याकडे त्यासाठी तरतूद नाही.

थोडक्यात, आग लागल्यापासून विझेपर्यंतच्या चार-पाच तासांत सरकारचं एकही खातं तुमचं नाही.

मग विझवतं कोण? दुपारी तीनला आपल्या वाडीत असतं तरी कोण? चाकरमानी मुंबईला, तरुण पोरं कंपनीत. घरी साठीच्या पुढची माणसं आणि बायका. त्याच ओल्या डहाळ्या घेऊन डोंगर चढतात. गेल्या मार्चमध्ये एका गावात असाच गेलो. एक काकू बांधावर बसल्या होत्या, हात काळे, पदराला भोकं पडलेली. मी मोबाईल काढला तर म्हणाल्या, "फोटू काढून काय व्हनार हाय भाऊ? काल यायचं व्हतं, एक टाळा तरी हातात दिला असता." त्यांच्याकडे उत्तर मागण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. कैऱ्या झाडावरच भाजून गेल्या होत्या.

आता कायद्याचं बघू. कारण "वणवा माणसाने लावलेला, ती नैसर्गिक आपत्ती नाही" हे वाक्य मी सरकारी टेबलांवर इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटायला लागतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात आपत्तीची व्याख्या आहे आणि तिच्यात नैसर्गिक कारणांबरोबर मानवनिर्मित कारण, अपघात, निष्काळजीपणा हे सगळं आहे. अट एवढीच की संकट त्या गावाच्या आवाक्याबाहेरचं हवं. पाच म्हाताऱ्या माणसांसमोर पेटलेला डोंगर आवाक्यात आहे असं कुणी म्हणणार असेल तर त्याला एप्रिलमध्ये घेऊन जाऊ. याच कायद्याचं कलम ४१ सांगतं की स्थानिक प्राधिकरणाने आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि लागणारं साहित्य वापरायला तयार ठेवायचं. ग्रामपंचायत हे स्थानिक प्राधिकरणच आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत वणव्यासाठी कुठलं साहित्य तयार आहे? विचारून बघा. बहुतेक ठिकाणी एक अग्निशामक नळकांडं भिंतीला असतं, तारीख उलटलेलं, कार्यालयातली कागदपत्रं वाचवायला.

नुकसानभरपाईचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे लोकांची मोठी आशा असते. आपत्ती मदतीचे केंद्राचे २०२२ ते २०२६ साठीचे जे निकष आहेत, त्यात बहुवार्षिक पिकाला, म्हणजे आंबा-काजूला, हेक्टरी २२,५०० रुपये. तेही दोन हेक्टरपर्यंत आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर. हापूसची कलमं दहा बाय दहा मीटरवर लावली तर हेक्टरी शंभर बसतात. करा भागाकार. झाडाला २२५ रुपये. मार्चमध्ये या पैशात डझनभर हापूससुद्धा येत नाही. कलम लावल्यापासून बऱ्यापैकी धरायला दहा वर्षं जातात ती वेगळीच. फळपीक विमा आहे ना, असं कुणी म्हणेल. तो हवामानावरचा विमा. पाऊस, तापमान, वारा यांचे आकडे केंद्रावर नोंदले गेले तर पैसे. आगीला त्यात जागा नाही.

आणि हे २२५ तरी हातात पडतात का? सातबारा सामायिक. त्यावर आजोबांच्या भावापासून बोरिवलीच्या चुलत चुलत्यापर्यंत चौदा नावं. सगळ्यांची संमतीपत्रं आणा. पीकपाहणीत आंब्याची नोंदच नाही, तिथे "गवत" किंवा "पड". गेली दहा वर्षं फळं खातोय, पण कागदावर झाड उगवलेलंच नाही. एवढं करून पंचनाम्यात "अज्ञात इसमाने आग लावली" असं लिहिलं की पुढच्या टेबलावर विचारणा होते, ही आकस्मिक आग धरायची कशी. फाईल तिथेच बसते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की भरपाईच्या मागणीची निवेदनं जरूर द्या, पण आपला जोर जानेवारीत लागायला हवा. वाडीच्या आणि बागांच्या वरच्या अंगाला दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून, साफ करून ठेवायचा. वनविभाग त्याला जाळरेषा म्हणतो, आपले आजे काहीच न म्हणता करायचे. माणशी पाचशे रुपये हजेरी धरा. दहा माणसं, चार दिवस, वीस हजार. एका हेक्टरच्या भरपाईपेक्षा कमी. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीत एवढं बसत नाही हे मला कुणी अंदाजपत्रक समोर ठेवून पटवून द्यावं.

सोबत पाठीवर अडकवायचे दोन ब्लोअर. वनविभाग हेच वापरतो, पालापाचोळा उडवून आग अडवायला. चार पाठीवरचे पंप पाण्याचे, सहा जाड बूट. आणि कोणाला आधी फोन करायचा याची यादी, शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, वनविभागाची हॅलो फॉरेस्ट १९२६, आणीबाणीचा ११२. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहावर दिसलेल्या आगीचे इशारे मोबाईलवर मिळतात, नोंदणी कुणीही करू शकतो. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. वाडीतली नजर त्याच्या आधी पोचते.

भाजावळ बंद करा असं म्हणणारा मी नाही. तरवा भाजल्याशिवाय आपल्याकडे भात लावत नाहीत आणि ठरावाने ते थांबणारही नाही. पण भाजावळीची वेळ ठरवता येते. पहाटे, वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून, पाण्याची कळशी जवळ ठेवून. दुपारी वाऱ्यात काडी लावून जेवायला जाणाऱ्याला मात्र सोडू नका. आगीबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे. आपण तक्रार देत नाही, कारण काडी लावणारा भावकीतला असतो. हे गाऱ्हाणं सरकारकडे नेऊन उपयोग नाही.

चाकरमान्यांनाही एक सांगायचंय, रागावू नका. तुमच्या पड जमिनीवर कमरेएवढं गवत उभं आहे आणि खाली गावात राहणाऱ्याची बाग आहे. गणपतीत येता तेव्हा ते हिरवं असतं, फोटोत छान दिसतं. फेब्रुवारीत तोच पेटता पलिता असतो. शिमग्याला यायच्या आधी कुणाला तरी पैसे पाठवून ते कापून घ्या, नाहीतर ग्रामपंचायतीला कापायची लेखी परवानगी द्या. एवढं तर अंधेरीत बसूनही होतं.

ग्रामसभेत हा विषय "आयत्या वेळचे विषय" म्हणून मांडू नका, चहाबरोबर संपेल. या आठवड्यातच लेखी अर्ज द्या: जाळरेषेसाठी तरतूद, साहित्याची खरेदी, आणि आग लागल्यावर पंचनामा किती दिवसांत हे तहसीलदारांना ठराव करून विचारणं. तलाठीभाऊंना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) पीकपाहणीत झाडं लावून घ्यायला त्याच दिवशी सांगा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. मसुदा मी तयार केलाय, हवा असेल त्याने गावाचं नाव टाकून मेसेज करा, रात्री पाठवतो.