वनरक्षकाची खरी परीक्षा कोर्टात

वनरक्षकाची जाहिरात निघाली की गावोगावच्या मैदानांवर पहाटेची गर्दी वाढते. 2023 च्या भरतीत 2138 जागा होत्या. मुलांना पाच किलोमीटर धावायचं, चार तासांत पंचवीस किलोमीटर चालायचं. त्यासाठी वर्षवर्ष घाम गाळला जातो. मात्र मनातला हिशेब ठरलेला असतो: पोलिसात झालं तर सोनं, नाही तर फॉरेस्ट आहेच. घरचेही तेच म्हणतात. वजन पोलिसाच्या खाकीला. फॉरेस्टवाल्याने गुरं हाकलावीत आणि मोळ्या पकडाव्यात. हा समज घेऊन रुजू झालेला मुलगा पुढची तीस वर्षं त्याच उंचीची नोकरी करतो, म्हणून हा समज मोडायला हवा.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 50 ने झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार दिले आहेत. पोलिसांत ते उपनिरीक्षकापासून वर मिळतात. वनखात्यात मात्र ते कोणत्याही वनाधिकाऱ्याला आहेत, म्हणजे बीटवरच्या वनरक्षकालाही. हवालदाराला जे करता येत नाही, ते इथे पहिल्याच पायरीवर करता येतं. पोलिसांनी वाघाचं कातडं पकडलं तरी कलम 55 नुसार न्यायालयात फिर्याद लागते ती मुख्यतः अधिकृत वनाधिकाऱ्याचीच. मग दुय्यम कोण?

दुसरा समज जरा प्रतिष्ठित आहे. वनरक्षकाच्या हाती रायफल द्या, शिकार थांबेल, असं वाघावर प्रेम करणारे शहरी लोक तळमळीने सांगतात. ताडोबा, पेंच, मेळघाटात विशेष व्याघ्र संरक्षण दल आहे आणि ते हवंच. पण विदर्भात शेताच्या बांधावर विजेचा आकडा टाकून तार ताणली जाते, तेव्हा गोळी कोणावर झाडायची? तार रानडुकरासाठी असते, मरतो वाघ, आणि लावणारा घरी झोपलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचायला नेम उपयोगी नाही, तपास लागतो.

हा तपास कसा असतो ते जवळून बघा. तार कोणत्या जाडीची, खुंट्या किती, जमिनीपासून किती उंचीवर. करपलेलं गवत, जीपीएसची नोंद, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. तार गुंडाळून पाकिटात, त्यावर लाखेची मोहर आणि पंचांच्या सह्या. पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, त्याच दिवशी फाडलेला. काही वर्षांनी, बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या याच वनरक्षकाला साक्षीला बोलावलं जातं. आरोपीचा वकील वाघाबद्दल एक शब्द काढत नाही. तो विचारतो, मोहर जागेवर लावली की ऑफिसात? पंच त्याच गावचे होते का? पंचनाम्यात खुंट्या अकरा, फोटोत नऊ कशा? इथे अडखळला की आरोपी सुटला. कातडं किंवा नखं सापडल्यास कलम 57 वनखात्याच्या बाजूने उभं राहतं. ताबा सिद्ध झाला की तो कायदेशीर आहे हे आरोपीने दाखवायचं. पण ताबा सिद्ध होतो जप्तीच्या पंचनाम्याने. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद कायद्यात लिहिलेली आहे. ती प्रत्यक्षात होईल की नाही, हे बहुतेक वेळा त्या पहिल्या दिवसाच्या कागदावर ठरतं.

'कायद्यावर एवढा भर दिला तर आदिवासींचाच छळ वाढेल,' हा आक्षेप मी हलका मानत नाही. मोळीवालीवर केस करून आकडे भरण्याची सवय खात्याला जुनी आहे. पण ते अर्धा कायदा जाणणाऱ्याचं काम. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात मोजला आणि जंगलात राहणाऱ्यांना त्यावर मालकी दिली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने हाती यायला 2011 उजाडलं. ज्या वनरक्षकाला दोन्ही कायदे येतात, तो तारवाल्याला सोडत नाही आणि हक्काने बांबू तोडणाऱ्याला अडवत नाही. छळ थांबतो तो अशा माणसामुळे.

उरला तिसरा समज: जंगलाची आवड असली की झालं. आवड हवीच, पण तिच्या भरवशावर हे आयुष्य निभत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेली महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. घर दूर, बढती उशिरा, वनपाल होईपर्यंत केस पिकतात. हे सारं खरं आहे आणि उमेदवाराला ते आधीच सांगावं. तरीही सांगावं की वाघाच्या मृत्यूचा तपास स्वतःच्या हाताने सुरू करण्याचा, बारावीच्या पात्रतेवर मिळणारा अधिकार दुसरीकडे क्वचितच आहे.

म्हणून भरतीनंतरचं शिक्षण बदलायला हवं. चिखलदरा, पाल, शहापूर, जालना इथल्या प्रशिक्षण केंद्रांत कवायतीइतकाच वेळ उलटतपासणीला द्या. प्रत्येकाने खोट्या घटनास्थळाचा पंचनामा करावा आणि खऱ्या वकिलापुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं. ज्याचा पंचनामा तिथे टिकणार नाही, त्याला बीट देऊ नये.