काचेतील आकाश आणि पाखरांचे मरण

मांजरसुंब्याहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर केज हे तालुक्याचे गाव लागते. अशा गावांतून अलीकडे ज्या नव्या इमारती उभ्या राहत आहेत, त्यांच्या दर्शनी भागी निळसर काच हटकून दिसते. काच ही आता प्रगतीची खूण ठरली आहे. सकाळच्या उन्हात या काचेत समोरचा कडुनिंब आणि त्यामागचे आकाश हुबेहूब उमटते. मग केव्हातरी तिच्या पायथ्याशी एखादा होला किंवा बुलबुल निश्चेष्ट पडलेला आढळतो. झाडणारा माणूस तो कचऱ्याबरोबर उचलून नेतो आणि दिवसाचा व्यवहार सुरू होतो.

आरशाशी भांडणारी चिमणी आपण सर्वांनीच पाहिली आहे. प्रतिबिंबाला ती प्रतिस्पर्धी समजते, चोच मारते आणि दमून निघून जाते. हा प्रकार वेगळा आहे. येथे पाखराला काच दिसतच नाही. त्याला झाड दिसते, आणि त्या झाडाकडे ते पूर्ण वेगाने झेपावते. आघात बहुधा डोक्याला होतो. उडून गेलेले पाखरूही पुष्कळदा आतल्या रक्तस्रावाने पुढे कोठेतरी मरते. म्हणून मृत्यूंची संख्या दिसते त्याहून अधिक असते.

अमेरिकेतील डॅनियल क्लेम यांनी १९७४ पासून या प्रश्नाचा अभ्यास चालविला. २०१४ साली तेथे प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार त्या देशात दरवर्षी साडेछत्तीस कोटी ते सुमारे नव्व्याण्णव कोटी पक्षी काचेवर आदळून मरतात. त्यांपैकी गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. जवळजवळ ४४ टक्के मृत्यू एक ते तीन मजल्यांच्या घरांवर होतात. तेव्हा हा मुंबईच्या मनोऱ्यांचा प्रश्न आहे, असे म्हणून केजला हात झटकता येणार नाहीत. झाडाच्या उंचीची काच हीच सर्वांत घातक होय, आणि तालुक्याच्या गावातील काच नेमकी तेवढ्याच उंचीची असते.

यावर कोणी म्हणेल, ज्या बीड जिल्ह्यात माणसांना पाण्याची भ्रांत, तेथे पाखरांची चिंता कशाला? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु याच तालुक्यातील शेतकऱ्याला विचारावे. हरभऱ्यावरील घाटेअळी टिपण्यासाठी पाखरांनी यावे म्हणून शेतात पक्षीथांबे उभारा, असे कृषी खाते त्याला सांगत असते. शिवारात ज्यांना आमंत्रण द्यायचे, त्यांच्याच वाटेत गावात अदृश्य भिंत उभी करायची, ही विसंगती आपल्या ध्यानातही येत नाही. शिवाय मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पश्चिमेची काच खोली तापवते आणि विजेचे बिल वाढवते. आपल्या जुन्या माळवदी घरांच्या जाड भिंती व लहान खिडक्या माणसाला थंडावा देत आणि पाखरांनाही इजा करीत नसत.

उपाय खर्चिक नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने, संपूर्ण पृष्ठभागावर, दोन-दोन इंचांच्या अंतराने ठिपके अथवा रेघा काढल्या म्हणजे पाखराला अडथळा दिसतो. बाहेरून ताणलेली डासांची जाळीही चालते. ससाण्याचे एकच चित्र चिकटवून मात्र काही साधत नाही, कारण पाखरू त्याला वळसा घालून शेजारच्या काचेवर आदळते. आतला पडदाही फारसा उपयोगी नाही. प्रतिबिंब बाहेरच पडते. शिकागोतील एका मोठ्या सभागृहावर ५ ऑक्टोबर २०२३ रोजी एका दिवसात सुमारे हजार पक्षी आदळून मेले. पुढील वर्षी तेथील काचांवर ठिपक्यांचे आवरण चढविण्यात आले आणि मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले.

म्हणून शिक्षकांना व विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. काचेखाली मृत पाखरू दिसल्यास तारीख, पक्ष्याचे नाव आणि काचेची दिशा वहीत नोंदवावी. जिवंत पण गुंगीत असलेले पाखरू भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात तासभर ठेवावे. तोंडात पाणी घालू नये. सावरताच सोडून द्यावे. एका हिवाळ्याच्या नोंदी हाती असल्या, तर कोणती काच घातक आहे हे वादाविना सिद्ध होईल.

त्या नोंदी घेऊन नगरपंचायतीकडे जावे. शाळा, दवाखाने, कचेऱ्या या सार्वजनिक इमारतींच्या काचांवर प्रथम ठिपके पडावेत, आणि नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर करताना मोठ्या काचेला हीच अट घालावी. तोवर ज्याच्या घरी अशी काच आहे, त्याने चुन्याचे बोट फिरविण्यास परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.