पेले आणि विलायती शिक्का

‘पेले? तो युरोपातल्या क्लबात कधी खेळलाच नाही! त्याचे गोल स्वस्तातले!’ भाऊबीजेच्या फराळाला माझ्या भाच्याने हा निकाल दिला आणि माझी चकली तोंडाशीच थांबली.

अरे, स्वस्तातले? 1958 साली, अवघ्या सतराव्या वर्षी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल केले. तेही स्वीडनवर, स्वीडनमध्येच. स्वीडन युरोपातच आहे ना? 1962 साली युरोपचा विजेता क्लब होता बेनफिका. त्याच वर्षी पेलेच्या सान्तोसने लिस्बनला जाऊन त्याला 5-2 असे धुतले. त्यांतले तीन गोल पेलेचे!

1281 गोलांच्या आकड्यात मैत्रीचे सामनेही धरले आहेत, हे मला मान्य. ते खुशाल वगळा. विश्वचषकाच्या 14 सामन्यांतले 12 गोल तर उरतात?

आणि वाचकहो, खरी गोम पुढेच आहे. ब्राझीलने 1958, 1962 आणि 1970 चे विश्वचषक जिंकले, तेव्हा त्या संघांतला एकही गडी युरोपातल्या क्लबाचा नव्हता. म्हणजे जगज्जेते सारे मायदेशीच खेळत होते, आणि पेले वर्षानुवर्षे झुंजत होता तो त्यांच्याशी! मग अवघड मैदान कोणते?

पेले 2022 साली गेला. विलायती शिक्क्यावाचून सोने खरे न मानण्याची आपली खोड मात्र अजून जात नाही. भाचा गप्प बसला नाही. भाचे बसत नसतातच. मी चकली संपवली.