रोज्याचा स्कोअरबोर्ड नसतो

गेली काही वर्षे रमजान आणि क्रिकेटचा हंगाम एकमेकांत मिसळून गेले आहेत. इफ्तारचे ताट आवरून होते ना होते तोच टीव्हीवर सामन्याचा दुसरा डाव सुरू झालेला असतो. अशा वेळी एखादा मुस्लिम खेळाडू मैदानात दिसला की एक प्रश्न हमखास निघतो, 'याचा आज रोजा असेल का हो?' माझे हिंदू मित्र हा प्रश्न कुतूहलाने विचारतात. आमच्या मोहल्ल्यातही तो विचारला जातो. पण तिथे त्याला कुतूहलापेक्षा चौकशीचा वास जास्त असतो.

4 मार्च 2025 ची गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. चॅम्पियन्स करंडकाचा उपांत्य सामना, दुबई, समोर ऑस्ट्रेलिया. रमजानचा पहिलाच आठवडा होता. दुपारच्या उन्हात गोलंदाजी करताना मोहम्मद शमी पेय पिताना कॅमेऱ्यात दिसला. त्या दिवशी त्याने दहा षटकांत 48 धावा देऊन 3 बळी घेतले, भारत सामना जिंकला आणि अंतिम फेरीत गेला. पण पुढचे काही दिवस चर्चा त्या बळींची झाली नाही, त्या बाटलीची झाली. शमीने रोजा न ठेवून शरियतच्या दृष्टीने गुन्हा केला आहे, असे एका मौलानांनी जाहीरपणे सांगितले. प्रवासात रोज्याची सवलत आहे, याची आठवण दुसऱ्या अनेक उलेमांनी करून दिली. पण तोवर देशभरातल्या वाहिन्यांना त्या दिवसाचा विषय मिळाला होता.

जे वाचक मुस्लिम नाहीत, त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. जो आजारी आहे किंवा प्रवासात आहे, त्याने ते रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत, अशी मुभा कुरआनात, सूरह बकराहमध्ये स्पष्ट दिलेली आहे. राहिलेला रोजा असा नंतर भरून काढण्याला 'कजा' म्हणतात. ही काही पळवाट नव्हे. ज्या आयतींनी रोजे बंधनकारक केले, त्यांनीच ही मुभाही दिली आहे.

आता तेरा वर्षे मागे जाऊ. जुलै 2012, लंडनचे ओव्हल मैदान. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने इंग्लंडविरुद्ध नाबाद 311 धावा केल्या. कसोटीत त्रिशतक करणारा तो आपल्या देशाचा पहिला फलंदाज. 529 चेंडू, तेरा तासांहून अधिक काळ खेळपट्टीवर. नेमका त्याच कसोटीदरम्यान रमजान सुरू झाला होता. लंडनमध्ये जुलैतला रोजा जवळपास अठरा तासांचा असतो. आमलाने ते रोजे ठेवले नव्हते. आपण प्रवासात आहोत, घरी गेल्यावर भरून काढू, असे त्याने सरळ सांगितले. त्याला कुणी गुन्हेगार ठरवल्याचे मला आठवत नाही. उलट आजही आमच्याकडे धार्मिक खेळाडू म्हटले की पहिले नाव आमलाचेच निघते.

मग आमला आणि शमी यांत फरक काय? दोघेही मुसाफिर, दोघेही देशासाठी खेळत होते, दोघांनाही सवलत एकच. एकाला लांब दाढी आहे, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक बघणाऱ्यांना दिसला असेल, तर तपासायला हवी ती आपली नजर.

त्यातही शमीच्या वाट्याला हे एकदाच आले नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईतच भारत पाकिस्तानकडून हरला, तेव्हा समाजमाध्यमांवर त्याच्या देशनिष्ठेवरच शंका घेतली गेली. अकरा जण हरले होते, जाब एकालाच विचारला गेला. कर्णधार विराट कोहली तेव्हा त्याच्या पाठीशी जाहीरपणे उभा राहिला. पुढे 2023 च्या विश्वचषकात वानखेडेवर श्रीलंकेविरुद्ध पाच बळी घेतल्यावर शमी क्षणभर गुडघ्यांवर बसला. याला सजदा करायचा होता पण भीतीने केला नाही, असे सीमेपलीकडून बोलले गेले. मला सजदा करायचा असता तर कोण अडवणार होते, अशा अर्थाचे उत्तर त्याने नंतर दिले. मुसलमान असल्याचा आणि भारतीय असल्याचा, दोन्हींचा अभिमान त्याने त्यात सांगितला. त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने 57 धावांत 7 बळी घेतले. त्यानंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली आणि वर्षाहून अधिक काळ तो भारतीय संघाबाहेर होता. दुबईत पाणी पिणारा शमी हा अशा दुखण्यातून उठून आलेला, पस्तिशीकडे झुकलेला वेगवान गोलंदाज होता. कधी देशाच्या नावाने तर कधी धर्माच्या नावाने हिशेब मागणाऱ्यांना एकमेकांचे तोंड बघायला आवडत नाही, पण माणसाला कोंडीत पकडण्याची त्यांची रीत एकच आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. प्रसिद्ध माणसाकडे मुले बघतात, तेव्हा त्याने सांभाळून वागावे, असे काही वडीलधारे म्हणतात. मान्य. पण मुलांनी नेमके काय शिकावे? धर्माने दिलेली सवलत उघडपणे घेतली तर बदनामी होते, म्हणून लपून पाणी प्यावे, हे? मला तर वाटते, आमलाच्या बाबतीत शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या संघाच्या जर्सीवर एका बिअरचे चिन्ह असे. आमलाने ते न घालण्याची परवानगी मंडळाकडे मागितली आणि ती त्याला मिळाली. त्याचे सहकारी मात्र तेच चिन्ह लावून त्याच्या शेजारी खेळत राहिले. स्वतःसाठी तो काटेकोर होता, पण त्या काट्याने त्याने दुसऱ्याला मोजले नाही. 124 कसोटी सामने तो असाच खेळला.

आणि असे वागणाऱ्याला इतरही जागा करून देतात. जानेवारी 2022 मध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाने ॲशेसचा शेवटचा सामना जिंकला. शॅम्पेन उडणार म्हणून उस्मान ख्वाजा बाजूला उभा होता. कर्णधार पॅट कमिन्सच्या ते लक्षात आले. त्याने सहकाऱ्यांना बाटल्या खाली ठेवायला सांगितले आणि ख्वाजाला छायाचित्रासाठी वर बोलावले. 2021 च्या आयपीएलमध्ये रशीद खान आणि मोहम्मद नबी यांच्यासोबत त्यांच्या हैदराबाद संघातल्या डेव्हिड वॉर्नर आणि केन विल्यमसन यांनीही एक दिवस रोजा धरला होता. तहान फार लागली, असे वॉर्नरने इफ्तारच्या वेळी हसत कबूल केले. आपल्या गावातही हे काही नवे नाही. शेजारच्या मुस्लिम कुटुंबासोबत एखादा रोजा धरणारे हिंदू मित्र इथे आहेत, तसे आषाढी एकादशीला वारकऱ्यांना पाणी देणारे मुस्लिमही आहेत. यात कुणी कुणाची परीक्षा घेत नाही.

हे सगळे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही सांगायला हवे. ऐन विशीत आम्ही तरावीहनंतर मैदानावर टेनिस बॉलने खेळायचो. एकदा दिवसा सराव करताना आमच्यातला एक जण नळावर पाणी प्यायला. मी सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणालो, 'काय रे, रोजा नाही तुझा?' पोरे हसली. तो काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून यायचा थांबला. ईदला त्याच्या घरी शीरखुर्मा घ्यायला गेलो, तेव्हा त्याच्या आईकडून कळले की त्याला फिट येतात आणि दिवसातून तीनदा गोळी घ्यावी लागते. हे मैदानात कुणाला कळू नये, असे त्याला वाटत होते. मी माफी मागितली, त्याने ती दिलीही. पण त्या मैदानावर तो पुन्हा कधी आला नाही. शमीवरची चर्चा ऐकताना मला तो नळ आठवत होता.

नमाज दिसते, हजला जाणारा माणूस दिसतो, जकातही कुणाच्या तरी हातात पडते. रोजा मात्र दिसत नाही. बंद खोलीत कुणी घोटभर पाणी प्यायले तर कळणार कुणाला? तो माणूस आणि त्याचा अल्लाह यांच्यातलाच तो मामला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत प्रवास करणाऱ्या सहकाऱ्यांपैकी काही रोजा ठेवत आणि काही ठेवत नसत, पण ठेवणारे न ठेवणाऱ्यांना नावे ठेवत नसत आणि न ठेवणारेही ठेवणाऱ्यांना काही म्हणत नसत, असे हदीसमध्ये नोंदलेले आहे. एवढा मोकळेपणा ज्यांनी पाहिला, त्यांचे आपण वारस म्हणवतो.

म्हणून या रमजानमध्ये सामना बघताना कुणी विचारलेच, 'याचा रोजा असेल का?', तर मुस्लिम वाचकांनी एवढेच म्हणावे, 'ते त्याला माहीत.' आणि इतर वाचकांना विनंती अशी की आपल्या कार्यालयात, दुकानात, वर्गात एखादा मुस्लिम सहकारी दुपारी चहा पिताना दिसला, तर 'अरे, तुझा रोजा नाही?' असे चारचौघांत विचारू नका. त्याला बरे नसेल, तो औषध घेत असेल, किंवा नुसताच थकलेला असेल. त्याचा चहा त्याला निवांत पिऊ द्या.